शांततेची प्रॅक्टिस

तनयाला घरी निबंध येतो आणि शाळेत येत नाही, याचं कारण माधवने शोधून काढलं तेव्हा तो वळ गावच्या गोदामातून डबल ड्युटी करून नुकताच आला होता. अशा अवस्थेत माणसाने जेवून झोपावं, शोध लावू नयेत. पण दुसऱ्या दिवशी लेकीची दहावीची मराठीची प्रिलिम होती. दोन्ही चाचण्यांत तिने पटवून देणारा निबंध कोरा सोडला होता. "आता पुन्हा कोरा आला तर बोर्डाची आशा सोडा," असं मॅडमनी फोनवर सांगितलं होतं.

"घरी तर भराभर लिहिते," शुभदा म्हणाली.

"कारण घरी लूम चालू असतात!" माधव ओरडला. (धामणकर नाक्यामागच्या त्या गल्लीत नवराबायको प्रेमाचं बोलणंही ओरडूनच करतात.) "जन्मापासून खडखडाटात वाढलेली पोर. हॉलमध्ये शांतता झाली की हिचं डोकंच बंद पडतं. तिला शांततेची प्रॅक्टिस हवी."

कापड विणणारे हे लूम खालच्या मजल्यावर, मालक गुलाम हुसेनचाचा. त्यांना पटवायला माधव तीन मुद्दे घोकून गेला आणि पहिल्याच मुद्द्यावर त्याला जांभई आली.

"लूम शुक्रवारी बंद असतातच की," चाचा म्हणाले.

"चाचा, परीक्षा उद्या आहे. उद्या गुरुवार."

"मंग आज कसे बंद करू?"

आतून रुकय्याचाचीचा आवाज आला. "पोरीची परीक्षा हाय ना? करा बंद. त्यात इचार कसला?"

चाचांना लगेच पटलं.

लूम थांबले आणि भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं, हे घरात पहिल्यांदा कळलं. माधवने विषय दिला, 'मोबाईलपेक्षा पुस्तक बरे, हे मित्राला पटवून द्या.' वेळ एक तास. स्वतः तो सुपरव्हायझर म्हणून दिवाणावर बसला. मग जरा टेकला. मग, सुपरव्हिजन आडवं होऊनही करता येतं, असं त्याला वाटलं.

जाग आली तेव्हा भिंतीला पाठ लावून आठ-दहा माणसं बसली होती. वरच्या चंद्राकाकूंच्या मांडीवर झेंडूचा हार होता आणि नाक्यावरचा चहावाला अफजल थर्मासमधून सगळ्यांना चहा देत होता.

"काय झालं? कोण गेलं?" माधव ताडकन उठला.

"तूच," चंद्राकाकू म्हणाल्या.

शुक्रवार सोडून त्या गल्लीत लूम बंद होतात ते कुणाच्या मयतीलाच. लोकांनी खाली कारागिराला विचारलं, तो म्हणाला, "माधवबाबू के वास्ते बंद किया." एवढं पुरलं.

"दारातून बघते तर तू आडवा, शुभदा तोंडावर बोट ठेवून बसलेली, पोर मान खाली घालून," काकू म्हणाल्या. "मला तर रडूच फुटलं रे. किती चांगलं बोलले मी तुझ्याबद्दल!"

"मग?"

"मग तू घोरलास." काकूंच्या आवाजात थोडी नाराजी होतीच.

"क्या आवाज, साहेब!" अफजल म्हणाला. "मला वाटलं, चाचांनी लूम चालू केले."

"मग मला उठवलं का नाही?"

"अहो, उठवणार कसं?" शुभदा म्हणाली. "तोवर तिला एक ओळही सुचली नव्हती. तुमचं घोरणं सुरू झालं आणि हिचं पेन पळायला लागलं. तुम्ही कूस बदलून गप्प झालात की ही थांबायची. मग अफजलभाई तुम्हाला पुन्हा उताणं करायचे."

तनयाने पेपर पुढे केला. चार पानं भरली होती, तीही वेळेत. माधवला खरंच भरून आलं. पण शांततेची प्रॅक्टिस काही झाली नव्हती, हेही लक्षात आलं.

"आता उद्या हॉलमध्ये काय करायचं गं?"

"तुम्ही सुट्टी टाका," शुभदा म्हणाली. "मॅडमशी फोनवर बोलले मी. हॉलच्या खिडकीबाहेर बाक टाकून देतायत. तुम्ही फक्त झोपायचं."

इतक्या वर्षांच्या संसारात इतकं सोपं काम माधवला कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्याने विचारलं, "आणि तिथे मी कूस बदलली तर?"

शुभदाने रिकामा कप अफजलकडे दिला.

"हे अफजलभाई येतायत ना सोबत."