पिण्यास अयोग्य, सही सासऱ्यांची

कारखान्यातली बाटली घरी न्यायची नाही असा आमच्याकडे नियम आहे. तो माझ्यासारख्यांना डोळ्यासमोर ठेवूनच केलेला असणार, हे मला आता पटलंय. पण त्या शनिवारी मी एक बाटली डब्याच्या पिशवीत घातली, वर रुमाल टाकला आणि पहारेकऱ्याला उगाचच दोनदा नमस्कार करून बाहेर पडलो.

मी इसेन्सच्या कारखान्यात हिशेब बघतो. पैशांचा नाही, दारूचा. (मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांना मी 'रसायनांचा' असं सांगितलं होतं. सासरे निवृत्त हेडमास्तर, शिवाय गावाच्या दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष. तिथे खरं बोललो असतो तर आज ही गोष्ट सांगायला मला बायको नसती.) केकमध्ये, बिस्किटांत जे थेंबभर इसेन्स पडतं ते अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं. कुठल्या फॉर्म्युल्यात ते किती टक्के, हे काढून सरकारी खात्याकडे मंजुरीला पाठवायचं, एवढंच माझं काम. एवढंच म्हणतो खरं, पण लिटरभर अल्कोहोलमध्ये लिटरभर पाणी घातलं तर दोन लिटर भरत नाहीत, थोडं कमीच भरतं. हे मी एकदा बायकोला समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "तुमच्या पगाराचंही तसंच होतं."

खात्याचा नियम मोठा गमतीचा आहे. इसेन्समध्ये अल्कोहोल असायला हरकत नाही, पण मग ते इतकं वाईट लागलं पाहिजे की माणसाला पिता येता कामा नये. पिता आलं की ती दारू. मग परवाना वेगळा, कर वेगळा, शुक्लकाष्ठ वेगळं. त्यामुळे आमच्याकडे माल चवीला छान झाला की साहेब डोक्याला हात लावून बसतात.

नारिंगी क्रमांक सात हा असाच छान झालेला माल. दोनदा परत आला. पहिल्यांदा तर चूक माझीच होती. अर्जात 'चव' असा रकाना दिसला आणि मी भाबडेपणाने 'अत्यंत मधुर' असं लिहिलं. (कोणीही आपल्या मालाबद्दल चांगलंच लिहील की नाही?) दुसऱ्यांदा शेरा आला, 'चवीला बरा वाटतो, फेरविचार करावा.' साहेबांनी मला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "तिसऱ्यांदा परत आला तर तुम्ही गोदामात. बुचं मोजायला."

मला एक असा माणूस हवा होता ज्याला नारिंगी क्रमांक सात अजिबात आवडणार नाही. ते कुठे खटकतं हे त्याने सांगितलं की केमिस्टला तेवढंच वाढवायला सांगायचं, असा माझा बेत. आणि काहीही न आवडणारा माणूस म्हटल्यावर मला लांब जायची गरज नव्हती.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांना माझी एकही गोष्ट आवडलेली नाही. माझी मिशी आवडत नाही, अक्षर आवडत नाही, आमचा सोफा तर त्यांना बघवत नाही. ते माझ्याशी थेट बोलतसुद्धा नाहीत. मी समोर बसलेला असलो तरी मुलीला सांगतात, "तुझ्या नवऱ्याला सांग, पंखा कमी कर." मग ती मला सांगते आणि मी पंखा कमी करतो. दर शनिवारी ते आमच्याकडे येतात. पाण्यात फक्त दोन थेंब टाकून त्यांना चाखायला द्यायचे, असं मी ठरवलं होतं. वाढदिवसाच्या केकमधून त्याहून जास्त जातं.

बाटली ओट्यावर ठेवून मी आंघोळीला गेलो. इथेच घात झाला. आमच्या बाटल्यांवर नाव लिहायची पद्धत नाही, नुसता फॉर्म्युल्याचा आकडा असतो. मी अंग पुसत बाहेर आलो तर सासरे सोफ्यावर रेलून बसले होते. (रेलून. त्या सोफ्यावर.) हातात नारिंगी रंगाचा उंच पेला होता, आणि तो दुसरा होता हे मला रिकाम्या पहिल्यावरून कळलं.

"या, जावईबापू," ते म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. दुसरा जावई आला असेल असं वाटलं. पण त्यांना दुसरी मुलगी नाही.

"आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही या घरात काहीतरी चांगलं आणलंत. काय सरबत आहे. आणि हा सोफा, मी म्हणतो, वाईट नाही. पाठीला आधार देतो. तुमच्या मिशीसारखा भारदस्त आहे."

मी स्वयंपाकघरात धावलो. "अगं, त्या बाटलीतलं तू बाबांना दिलंस?"

"रंग सरबताचा, वास सरबताचा. मग काय त्याने भांडी घासू? पाव पेला ते आणि वर गार पाणी घातलं."

मी तिच्या कानात आकडा सांगितला. अडतीस पूर्णांक दोन टक्के. तिच्या हातातला डाव खाली पडला. मी सवयीने वाण्याच्या कागदावर गणित मांडलं. पाव पेला गुणिले अडतीस, गुणिले दोन, भागिले सासरे. उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत आलं, आणि फॉर्म्युला म्हणून ते मंजुरीला पाठवण्यासारखं नव्हतं.

"आता सांगून टाका त्यांना," बायको म्हणाली.

"तूच सांग. ते माझ्याशी बोलत नाहीत."

"आता बोलतायत ना."

बोलत होते, तेच तर झालं होतं. सांगायच्या तयारीने मी बाहेर गेलो, तर त्यांनी मला शेजारी बसवलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मुलगी योग्य घरी दिली." आता तुम्हीच सांगा, यानंतर कोणाच्या तोंडून टक्केवारी निघेल? मला भरून आलं. खरंच भरून आलं. जाताना त्यांनी उरलेली बाटली मागितली आणि मी ती कागदात गुंडाळून दिली.

त्यानंतर रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायला लागला. बायकोने उचलला तर म्हणायचे, "जावईबापूंना दे." रविवारी मंडळात त्यांचं दारूच्या दुष्परिणामांवर भाषण झालं. घशाला कोरड पडू नये म्हणून त्यांनी सरबत बरोबर नेलं होतं. ते भाषण असं काही रंगलं, की लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि तिघांनी तिथल्या तिथे दारू सोडली. आज सांगू, उद्या सांगू असं मी रोज मनाशी म्हणत होतो, आणि संध्याकाळी फोन वाजला की नुसतं 'हो बाबा, हो बाबा' करत होतो.

मग तपासणीचा दिवस उजाडला. या वेळी अधिकारी बाई स्वतः कारखान्यात आल्या होत्या. साहेबांच्या खोलीत टेबलावर क्रमांक सातचा नमुना मांडला होता. बाईंनी पेला नाकाजवळ नेला आणि शिंकल्या.

"मला सर्दी झालीय," त्या म्हणाल्या. "वास नाही, चव नाही. कंपनीच्या बाहेरचा कोणी आहे का? त्याचा अभिप्राय लेखी चालेल."

साहेब पहारेकऱ्याला रस्त्यावरून कोणीतरी आणायला पाठवणार, तेवढ्यात दार उघडलं आणि सासरे आत आले. हातात रिकामी बाटली.

"जावईबापू, संपलं," ते म्हणाले.

मी घाईने त्यांच्या आणि टेबलाच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"माझे सासरे."

साहेब घाईघाईने म्हणाले, "नात्यातले आहेत, नियमात बसणार नाहीत."

"उलट बसतील," बाई म्हणाल्या. "सासरा जावयाच्या बाजूने बोलल्याचं माझ्या नोकरीत मी ऐकलेलं नाही." त्यांनी पेन उघडलं. "आजोबा, हे तुम्ही प्यायलात का?"

"रोज पितो," सासरे छाती पुढे काढून म्हणाले. "इतकं उत्तम पेय मी जन्मात चाखलेलं नाही. माझ्या जावयाने आणलेलं आहे, लिहा."

बाई लिहायला लागल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला गोदामातली बुचं दिसायला लागली. पण खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा 'माझ्या जावयाने' हे ऐकून मला बरं वाटलं.

"टक्केवारी?" बाईंनी मान वर न करता मला विचारलं.

"अडतीस पूर्णांक दोन."

"कसली?" सासऱ्यांनी विचारलं.

मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी छताकडे. शेवटी बाईच म्हणाल्या, "अल्कोहोलची. तुम्हाला माहीत नव्हतं?"

सासऱ्यांनी हातातली बाटली टेबलावर ठेवली. मग थोडी लांब सरकवली. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग वर्गावर आल्यासारखे ताठ उभे राहिले.

"बाई, ते खोडा. नवीन लिहा." त्यांनी श्रुतलेखन घालायला सुरुवात केली. "सदर द्रव अत्यंत किळसवाणा आहे, स्वल्पविराम. कोणाही सभ्य माणसाला तो पिणं अशक्य आहे, पूर्णविराम."

"पण रोज पितो म्हणालात."

"जावयाचं मन राखायला. प्रत्येक घोटाला अंगावर काटा येत होता."

"आख्खी बाटली?"

"मुलीचा संसार आहे, बाई."

बाईंचे डोळे पाणावले. (सर्दीमुळेही असेल.) त्यांनी सासऱ्यांची हुद्द्यासकट सही घेतली, शिक्का मारला. दारूबंदी मंडळाच्या अध्यक्षांनी पिण्यास अयोग्य ठरवलेला माल खात्याच्या इतिहासात पहिलाच, असं त्या म्हणाल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

घरी जाताना सासरे माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. आमची गल्ली आल्यावर ते थांबले.

"मी आज आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहून दिलं," ते म्हणाले. "चव चांगली होती."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे मनातून त्यांना आवडलं होतं. मी आणलेलं काहीतरी त्यांना खरंच आवडलं होतं.

"ती चव कोण बनवतं?" त्यांनी विचारलं.

"केमिस्ट."

"आणि तुम्ही?"

"मी त्यातलं अल्कोहोल बघतो."

"वाटलंच," ते म्हणाले आणि चालायला लागले.

घरी आल्यावर त्यांनी सोफ्याकडे पाहिलं आणि लाकडी खुर्ची ओढून घेतली.

"तुझ्या नवऱ्याला सांग," ते मुलीला म्हणाले, "सोफ्याबद्दल बोललो ते मागे घेतलंय. मिशीबद्दलचंही. आणि मला पेलाभर पाणी दे. नळाचं दे, आणि तू स्वतः भर."