धडगावचा कान

लोकांचं ऐकून घेणं हे कार्यालयाचं पहिलं कर्तव्य आहे. दुसरं कोणतं, याबद्दल अजून परिपत्रक आलेलं नाही.

म्हणून धडगावच्या आमच्या आपत्ती कक्षात सॉफ्टवेअर रेडिओ बसला तेव्हा आम्हाला कृतार्थ वाटलं. जुन्या काळी प्रत्येक कामाला वेगळा रेडिओ लागे, कारण लहरी निवडायचं काम पेटीतल्या तारा आणि भाग करत. आता बोटाएवढी डबी गच्चीवरच्या अँटेनातून लहरी घेते, त्यांचे आकडे करते आणि संगणकाला देते. कोणती लहर निवडायची, खरखर कशी गाळायची, आवाज कसा काढायचा, हे सगळं प्रोग्राम करतो. प्रोग्राम बदलला की तीच डबी सकाळी आकाशवाणी, दुपारी विमानांचा माग काढणारी, संध्याकाळी उपग्रहाकडून ढगांचे फोटो घेणारी. (आमच्याकडे एकाच कारकुनाकडे निवडणूक, टंचाई आणि ध्वजदिन निधी असतो. फरक इतकाच, की डबी तापली तरी कुरकुरत नाही.)

ही डबी फक्त ऐकते. बोलणारीही मिळते, पण ती घेतली तर काय बोलायचं हे कुणाला तरी ठरवावं लागलं असतं.

यंत्रावर कळसाडीचा हेमकांत होता, कंत्राटी. प्रभारी गोकुळराव साहेब त्याला दिवसातून एकदा विचारत, आज काय ऐकलं? तो सांगे, दिल्लीकडे जाणारं विमान पस्तीस हजार फुटांवर आहे. साहेब समाधानाने मान डोलावत. आमच्या डोक्यावरून जाणाऱ्या एकाही विमानाने आजवर तक्रार केलेली नाही.

श्रावणातल्या एका दुपारी हेडफोनमध्ये माणूस बोलला. वनखात्याचा मजूर जामसिंग, वॉकीटॉकीवरून. त्याच्या खात्याचा संच बंद असावा, कारण उत्तर येत नव्हतं. घाटात दरड कोसळली होती. बाज्या ड्रायव्हरची जीप दरडीपलीकडे अडकली होती, आणि जीपमध्ये जामसिंगबरोबर त्याची सून रमिलाबाई होती. तिला कळा सुरू झाल्या होत्या.

"कोण ऐकतो का?" तो विचारत होता. "बाई अडली आहे."

हेमकांतने आवाज स्पीकरवर टाकला. आम्ही सगळे गोळा झालो. इतकं स्वच्छ, की मागचा पाऊससुद्धा वेगळा ऐकू येत होता.

हेमकांत म्हणाला, रुग्णवाहिका पाठवू, दगड हटवायला मशीन पाठवू. साहेबांनी शांतपणे नियम समजावला. निरोप वनखात्याचा. दुसऱ्या खात्याचा निरोप आपण ऐकणं नियमात बसत नाही. जे नियमात बसत नाही ते कार्यालय करत नाही. त्याअर्थी आपण तो ऐकलेला नाही. जो निरोप ऐकलेला नाही त्यावर कार्यवाही केली, तर आपण तो ऐकला होता असं सिद्ध होईल.

यात एकही फट नव्हती. मी स्वतः शोधून पाहिली.

मग साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून घरच्या बोलीत म्हणाले, "भाऊ, आपले फक्त ऐकानं शे."

हेमकांतने हेडफोन टेबलावर ठेवला आणि निघून गेला. स्टँडवर उभी असलेली एक जीप त्याने सवारी न भरता भाड्याने घेतली. स्टँडवर अशी घटना पूर्वी घडल्याचं कुणाला आठवत नाही.

तो घाटात पोचला तेव्हा काम उरकलं होतं. बाज्याने आणि सवाऱ्यांनी चादर बांबूला बांधून झोळी केली होती आणि रमिलाबाईला चिखलातून, दगडांवरून अलीकडे आणलं होतं. रस्त्याच्या कडेला बायांनी लुगड्यांचा आडोसा धरला. कालीबाई नावाच्या म्हातारीने बाळंतपण केलं. मुलगी झाली. रमिलाबाईचं रक्त फार गेलं होतं, पण हेमकांतची जीप अलीकडे उभी होती म्हणून दवाखाना गाठता आला. दोघी वाचल्या.

वाटेत जामसिंगने हेमकांतला विचारलं, कसं कळलं?

"रेडिओवर ऐकलं."

"मी बोललो ते पोचलं होतं?"

"पहिल्यापासून. सगळं."

जामसिंगने सुनेचं डोकं मांडीवर नीट घेतलं. मग म्हणाला, "मला वाटलं, हातातलं मशीनच बिघडलं. म्हणून राग नाही आला."

हेमकांतचं कंत्राट पुढे वाढलं नाही. कामाच्या वेळेत त्याने ऐकणं सोडलं होतं.

कार्यालयाला मात्र उत्कृष्ट श्रवणाचं प्रमाणपत्र मिळालं. समारंभात यंत्राने आपोआप करून ठेवलेलं जामसिंगच्या निरोपाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. "कोण ऐकतो का?" हे वाक्य आलं तेव्हा पाहुण्यांनी डोळे पुसले, आणि खरखर अजिबात नसल्याबद्दल टाळ्या वाजवल्या. त्या घाटात आजही मोबाइलला रेंज नाही, आणि दरड दर वर्षी पडते.

वाचकहो, तुम्हीही इथवर सगळं नीट ऐकलंत, आणि एकदाही जागचे उठला नाहीत. आमच्या कक्षात सध्या एक जागा रिकामी आहे.