फ्रीजवाल्याच्या घरचा बर्फ

फ्रीजवाला दुपारी घरी आला तेव्हा चपला काढायचाही त्याला कंटाळा आला होता. सकाळपासून चार फ्रीज दुरुस्त केले आणि चारही घरी तेच सांगितलं, की गोठलेला बर्फ खरवडू नका, गॅसच्या नळीला भोक पडतं. कोणी ऐकत नाही. त्याचा स्वतःचा फ्रीज मात्र आठ महिने बंद होता. कापडं रंगवायला बायको दुकानातून बर्फ विकत आणते, हे शेजाऱ्यांनी पाहिलं, तेव्हा कुठे त्याने कालच तो चालू केला होता.

मोरीत एक पसरट डबा दिसला. त्यात घड्या घालून दोन फळ्यांमध्ये क्लॅम्पने आवळलेलं कापड, त्यावर बर्फ, बर्फावर निळी पूड. आणि बर्फ वितळत होता. बावीस वर्षं त्याने वितळणाऱ्या बर्फाच्याच तक्रारी ऐकल्या होत्या. त्याने डबा उचलून फ्रीझरमध्ये सारला, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि आडवा झाला.

संध्याकाळी बायको परतली.

"अहो, माझा डबा?"

"आत ठेवला. वितळत होता."

"वितळायलाच ठेवला होता तो. बर्फ हळूहळू वितळतो तसा रंग घडीघडीत उतरतो."

ती स्टुलावर बसली. उद्या दुपारी डॉक्टरीणबाई टेबलक्लॉथ न्यायला येणार होत्या. आजवर तिने फक्त नातेवाइकांच्या उशांचे अभ्रे रंगवले होते, आणि ते सगळ्यांनी छान म्हणून कपाटात टाकले होते. बाहेरचं हे पहिलंच काम.

डबा फ्रीझरच्या तळाला घट्ट चिकटला होता.

"गरम पाणी ओतू का?" त्याने विचारलं.

"नको, रंग वाहून जाईल. फ्रीज बंद करा, आपोआप सुटेल."

"कोण थांबणार तेवढं," म्हणून त्याने डब्याखालच्या बर्फात स्क्रूड्रायव्हर खुपसला. फुस्स असा बारीक आवाज झाला.

"काय झालं?"

"गॅस गेला."

"खरवडू नका म्हणून तुम्हीच सांगता ना लोकांना?"

"सांगतो. कोणी ऐकत नाही," तो थकून म्हणाला.

मेलेल्या फ्रीजच्या बंद पोटात बर्फ सावकाश वितळत राहिला. सकाळी तिने डबा काढला, कापड धुऊन उलगडलं, तर निळा रंग सगळ्या घड्यांत नीट उतरला होता. डॉक्टरीणबाईंनी टेबलक्लॉथ दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि असेच चार पडदे सांगून गेल्या.

फ्रीजवाल्याने सुस्कारा टाकून गॅसची टाकी फ्रीजजवळ ओढली.

"हात लावू नका," बायको म्हणाली. "पडदे होईपर्यंत असाच राहू दे. बर्फ मी दुकानातून आणते."

बंद फ्रीजवर खूश असलेलं गिऱ्हाईक तो पहिल्यांदाच पाहत होता. त्याने टाकी जागेवर ठेवली आणि पुन्हा आडवा झाला.