तीन नंबरची वायर

आमच्या वास्तुशांतीच्या दिवशी, भर मे महिन्यात, ऐन पंगतीत पंखे बंद पडले. समोरच्या घरातले सुरडकर काका पानावरून उठले, हात धुतला आणि कोणी काही म्हणायच्या आत आमच्या घरातली झाडून सगळी बटणं बंद केली. मग एकेक बटण लावायचं, ऐकायचं, बंद करायचं, पुढचं लावायचं. मिक्सर झाला, फ्रीज झाला, न्हाणीघरातला गिझर झाला. पाहुणे भाताचा ढीग समोर घेऊन घामाने निथळत बसले होते. काकांनी कोणालाही मध्ये बोलू दिलं नाही. शेवटी गल्लीतून कोणीतरी ओरडलं की डीपी उडाली आहे, सगळ्या गल्लीचीच लाइट गेली आहे. काका जराही वरमले नाहीत. "म्हनजे तुमच्या घरात दोष नाही, हे तं पक्कं झालं," असं म्हणून ते पुन्हा पानावर येऊन बसले आणि त्यांनी वरण मागितलं.

ही त्यांची माझी पहिली ओळख. काका आयुष्यभर एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या प्रवाशांना "एक-एक करून चढा" असं त्यांनी हजारदा सांगितलं असेल, आणि एकाही प्रवाशाने ते ऐकलं नसेल. निवृत्त झाल्यावर तेच वाक्य त्यांनी घरी आणलं. पोट बिघडलं तर डॉक्टर नाही. पहिल्या दिवशी चहा बंद, दुसऱ्या दिवशी चहा चालू आणि मिरची बंद, तिसऱ्या दिवशी मिरची चालू आणि शेंगदाणे बंद. तोवर पोट आपोआप बरं होई आणि श्रेय शेंगदाण्यांना मिळे. "एका दिवशी एकच गोष्ट बदलाची, सर," ते मला बजावायचे. मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून मी सर. "दोन बदलल्या, तं कोनामुळं बरं झालं ते कसं कळन?"

त्यांची सून वर्षा जिल्हा परिषदेत नोकरीला आहे. तिला हे शास्त्र मुळीच पटत नसे. काकू गेल्यापासून घराचा गाडा तीच ओढते. आमटी जराशी बिघडली की काका दुसऱ्या दिवशी हिंग वगळून करायला सांगायचे, तिसऱ्या दिवशी गूळ वगळून. एकदा ती माझ्या बायकोला म्हणाली, "मामाजी एक दिवस तिखटमीठ सगळं वगळतीन, आन् मंग म्हनतीन पान्यात दोष हाय."

पण काकांचा खरा जीव गाडीत. धाड गावच्या एका डॉक्टरांकडून फार वर्षांपूर्वी विकत घेतलेली चौकोनी गाडी. मूळ रंग पांढरा होता असं ते सांगतात. रोज सकाळी सहाला ते ती पोर्चमध्ये चालू करत आणि थोडा वेळ तशीच ठेवत. कुठे जायचं असेल म्हणून नव्हे. इंजिनाचंही अंग मोकळं झालं पाहिजे, एवढंच. धूर सरळ वर्षाच्या स्वयंपाकघरात जाई आणि आवाज सरळ आमच्या उशीत येई.

गेल्या हिवाळ्यात ही गाडी मिसिंग करायला लागली. तीन ठोके बरोबर पडायचे, चौथा गिळला जायचा, आणि मग सगळी गाडी थंडी वाजल्यासारखी थरथरायची. मेकॅनिकने पाच मिनिटांत सांगितलं असतं. पण मेकॅनिक एकदम चार गोष्टी बदलतो, म्हणून तो बाद. काकांनी मला बोलावलं, ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि म्हणाले, "सर, पाय हलका ठेवा. आन् कान उघडा."

त्यांच्या हातात वर्षाची सांडशी होती, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेली. इंजिन चालू असताना ते एका प्लगची वायर सांडशीने उपटायचे, थांबायचे, परत बसवायचे आणि दुसरी उपटायचे. मला काही कळेना. तेव्हा त्यांनी बॉनेटमधून डोकं बाहेर काढून समजावलं.

"असं समजा, चार भाऊ हायत. चौघं मिळून गाडा ओढतात. एकाले जरा घराबाहेर काढलं. आवाज पडला, गाडी लंगडली, तं तो कामाचा होता. त्याले परत घरात घ्या. काढलं आन् आवाजात काहीच फरक नाही पडला, तं समजा तोच मुका. तो असला काय, नसला काय, घराले सारखंच."

एक नंबरची वायर काढली, गाडी लंगडली. दोन नंबरची काढली, गाडी बंदच पडायला आली. तीन नंबरची काढली आणि मला काहीच फरक जाणवला नाही. "सापडला," काका म्हणाले. मला वाटलं, संपलं. पण तीन नंबर मुका का, हे शोधायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीनचा प्लग दोनला लावला आणि दोनचा तीनला. मुका तीनच राहिला. म्हणजे प्लग निर्दोष. आता पाळी वायरची, पण तसली जुनी वायर बुलढाण्यात मिळेना. खामगावला एका दुकानात मिळेल असं कळलं.

त्याच संध्याकाळी त्यांचा मुलगा मंगेश ऑफिसमधून आला आणि फाटक उघडता उघडता सहज म्हणाला, "बाबा, आता काढून टाका हे खटारं. काही काम नाही त्याचं, नुसती जागा अडून राह्यली." तो रागाने बोलला नव्हता. बोलून आत गेलासुद्धा. काका मात्र तीन नंबरची वायर हातात धरून उभे राहिले.

"सर, तुमाले एक काम सांगू का?" ते थोड्या वेळाने म्हणाले. "मी उद्या पहाटेच उंद्रीले बहिनीकडं जाऊन राह्यलो. राहीन काही दिवस. तुमी आमच्या घराकडं जरा कान ठेवजा."

"चोरीची भीती वाटते का?"

"चोरीची नाही. आवाज बदलते का, ते सांगजा."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग माझ्या ध्यानात आलं, की काका आता स्वतःचीच वायर काढून पाहणार आहेत. "हाव, ठेवतो कान," मी म्हणालो.

पहिल्या दिवशी मला एका लग्नासाठी पहाटेच नांदुऱ्याला जावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र मी कामाला लागलो. आता मला कबूल केलं पाहिजे, की दुसऱ्याच्या घराचे आवाज ऐकण्यात मोठी गोडी असते. कुकरच्या शिट्ट्या, मंगेशचं फोनवर मोठ्याने बोलणं, टीव्हीवरच्या बातम्या, वर्षाची ऑफिसला निघतानाची घाई. मी गॅलरीत वर्तमानपत्र धरून उभा राहायचो. "तुम्ही भूगोल शिकवता का हेरगिरी?" बायकोने विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, तशी तीही ओट्याशी उभी राहून कान द्यायला लागली.

आवाज काही बदलला नव्हता. मला याचं वाईट वाटत होतं. एखादं भांडं आपटलं, कोणी कोणावर ओरडलं, तर तेवढ्यावर काहीतरी गोड रचून सांगता आलं असतं. पण घर अगदी सुरळीत चाललं होतं. त्यात उंद्रीहून काकांचा फोन आला.

"हं, सर. काय म्हनते आवाज?"

खोटं बोलायचं असं ठरवलं होतं, पण बोलता आलं नाही. ज्या माणसाने माझ्या घरातलं एकेक बटण इमानाने तपासलं, त्याला काय फसवायचं? मी म्हणालो, "काका, सगळं नेहमीसारखंच आहे. कुकर, टीव्ही, मंगेशचा फोन. सकाळी सहाला तुमची गाडी चालू होते, तीही तशीच मिसिंग करते."

पलीकडे खाट करकरली, काका उठून बसले असावेत.

"गाडी?" काका म्हणाले. "गाडी कोन चालू करते?"

आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. रोज सकाळी अंथरुणात पडून मी तो आवाज ऐकत होतो, सगळं नेहमीसारखं म्हणून मनात नोंद करत होतो आणि कूस बदलत होतो. काका उंद्रीला आहेत हे मलाच तर ठाऊक होतं.

"पाहिलं नाही," मी म्हणालो.

"तुमी कान देऊन राह्यले होते का झोपून राह्यले होते?" काका म्हणाले. "राहू द्या. मीच येतो."

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर ते आले, ते मागच्या बोळातून आमच्याकडे. स्वतःचं घर समोर दिसत असताना आमच्या दिवाणावर झोपले. बायकोने गरम भाकरी वाढली, पण त्यांचं जेवणाकडे लक्ष नव्हतं.

सकाळी सहाच्या आधीच आम्ही दोघं खिडकीशी उभे होतो. समोरच्या पोर्चमधला दिवा लागला. वर्षा बाहेर आली. ओढणी नाकावर घट्ट बांधलेली, एका हाताला कणीक. ती गाडीत बसली, किल्ली फिरवली, आणि गाडी खोकत खोकत चालू झाली. तीन ठोके बरोबर, चौथा गिळलेला.

"रेस जास्त देऊन राह्यली," काका पुटपुटले. मग पिशवी उचलून ते तसेच अनवाणी रस्ता ओलांडून गेले. मीही मागोमाग गेलो.

वर्षा दचकली आणि किल्लीकडे हात नेला. "बंद नको करू," काका म्हणाले. त्यांनी बॉनेट उघडलं. पिशवीतून खामगावची नवी वायर काढली. जुनी तीन नंबरची उपटली. "काही फरक?" त्यांनी विचारलं.

"नाही," वर्षा म्हणाली.

नवी वायर बसली आणि गाडीची थरथर थांबली. चारही ठोके सलग पडायला लागले. आम्ही तिघंही काही वेळ ते नुसतं ऐकत राहिलो.

मग काका बॉनेटमागूनच म्हणाले, "तुमी कोनी एक फोन नाही केला."

"कसा करू?" वर्षा म्हणाली. "दोन दिवस झाले नाही तं घरून फोन आला, उंद्रीच्या आत्याबाई म्हनतीन, मानसाले सुखानं राहूबी देत नाहीत. मी ह्यायलेबी म्हनलं, थोडं थांबा, येतीन मामाजी. पन पहिल्या दिवशी सहाले आवाजच नाही झाला. मी चाय ठेवली आन् विसरून गेली. घर बंद पडल्यासारखं झालं. मंग दुसऱ्या दिवशी मीच किल्ली घेऊन बसली." तिने ओढणी नाकावरून खाली ओढली. "आता इतके दिवस जात नका जाऊ. मले नाही करमत."

काका आणखी वाकले आणि दोन्ही हातांनी आत काहीतरी आवळत राहिले. वर्षा चहा ठेवायला घरात गेली, गाडी एकसारखी चालत होती, आणि काका अजून आवळतच होते. प्लगची वायर नुसती दाबून बसवायची असते, तिथे आवळण्यासारखं काही नसतं, एवढं आता मलाही कळतं. मी माझ्या घरी आलो.