पलेर्मोची गाडी आणि धुण्याचा वार

"विमान हे ज्यांना वेळापत्रक वाचता येत नाही त्यांच्यासाठी असतं!"

असं म्हणून बेनो फ्लुकिगरने बटाट्याच्या रोश्टीचा खरपूस तुकडा काट्याला टोचला आणि त्याच काट्याने टेबलावर पसरलेल्या नकाशात ऑल्टनपासून पलेर्मोपर्यंत रेघ ओढली. बटाटा तुपातला असल्यामुळे रेघ छान उमटली.

"रोमवर कांदा पडलाय," त्याची बायको रेगुला म्हणाली.

बेनोने जन्मभर लोकांना मोटार चालवायला शिकवलं. पण ते पोटासाठी. भक्ती सगळी रेल्वेवर. ऑल्टनच्या माणसाला दुसरी भक्ती परवडतच नाही. अख्ख्या स्वित्झर्लंडच्या गाड्या इथे येऊन एकमेकींना भेटतात, जशा आमच्याकडे लग्नात आत्या भेटतात. त्यामुळे मुलीचा, सेराइनाचा, पलेर्मोहून फोन आला, "बाबा, बाळाचा बाप्तिस्मा रविवारी, आणि धर्मपिता तुम्ही!" तेव्हा बेनोला आजोबा झाल्याचा आनंद झालाच, पण त्याहून मोठा आनंद वेगळाच होता. पलेर्मोला जाणारी गाडी समुद्र लागला की थांबत नाही. तिचे डबे सुटे करून बोटीत घालतात आणि पलीकडे सिसिलीत उतरवतात! गाडीत बसायचं आणि गाडीने बोटीत बसायचं! सात वर्षांचा असल्यापासून बेनोला हे करायचं होतं.

"शुक्रवारी दुपारी निघायचं," त्याने काटा चाटून सांगितलं. "गोटहार्डच्या बोगद्यातून मिलान. तिथे रात्रीची गाडी. शनिवारी संध्याकाळी पलेर्मो. रविवारी सकाळी चर्च. मिलानला गाडी बदलायला सात मिनिटं आहेत."

"सातच?"

"सात म्हणजे चैन झाली! तीन मिनिटांत लोक ऑल्टनला कॉफी पितात!"

"बरं. आणि शुक्रवारी आपला धुण्याचा वार आहे, त्याचं काय?"

बेनोचा काटा हवेतच राहिला.

त्यांच्या इमारतीत धुण्याचं यंत्र एकच, तळघरात. शेजारी कपडे वाळवायची खोली. प्रत्येक बिऱ्हाडाला पंधरा दिवसांतून एक वार. किल्ली दारोदार फिरते. वार चुकला तर गेला. पुढचे पंधरा दिवस माणसाने आपल्या घामाशी जमवून घ्यायचं. बाल्कनीत दोरी बांधायची नाही, रात्री यंत्र लावायचं नाही, आणि रविवारी तर यंत्राकडे बघायचंसुद्धा नाही.

"तुझे सगळे पांढरे शर्ट टोपलीत आहेत," रेगुला म्हणाली. "माझा निळा झगाही. दुपारपर्यंत काही वाळत नाही. बाप्तिस्म्याला काय पायजम्यात उभा राहणार?"

"मग?"

"मग सोपं आहे. शुक्रवारी धुवायचं, शनिवारी विमानाने उडायचं. आपली जेवणं व्हायच्या आत पोचतो. मी बघून ठेवलंय."

"विमानाने!" बेनो असा उठला की खुर्ची पडली. "अगं, माझ्या डोक्यात अर्ध्या युरोपातल्या गाड्यांची जुळणी आहे. मला एक वार बदलून घेता येणार नाही? चार दिवस दे!"

"गुरुवार संध्याकाळपर्यंत," रेगुला म्हणाली. "नाहीतर विमान."

धुण्याचा वार बदलून घ्यायचा म्हणजे आधी तळमजल्यावरच्या श्टुकीबाई. त्यांना त्या खोलीची राखणदार कुणी नेमलं नव्हतं. पण सूर्यालाही कुणी नेमलेलं नाही. बेनो गेला तेव्हा त्या यंत्राची जाळी भिंगातून तपासत होत्या.

"फ्लुकिगरसाहेब, मागच्या वेळी जाळीत एक धागा राहिला होता. हिरवा."

"माझा मोजा असेल. श्टुकीबाई, तुमचा गुरुवार मला द्याल? माझा शुक्रवार घ्या."

"शुक्रवारी माझं गाणं असतं! योडेलिंग आणि इस्त्री एका दिवशी करून बघा एकदा! बुधवार आणून दिलात तर गुरुवार घेऊन जा."

बुधवार दुसऱ्या मजल्यावरच्या लोकाशोंचा. म्हातारे लोकाशो मूळचे पलेर्मोचेच. चाळीस वर्षं ऑल्टनमध्ये भिंती बांधून आता निवृत्त झाले होते.

"बुधवार? घेऊन जा!" ते ओरडले. साधं बोलणं त्यांना जमत नसे. "मला मंगळवार आणून दे, झालं! पण काय म्हणालास, पलेर्मोला? आगगाडीने? मग माझ्या भावाला एवढं देशील?"

आतून त्यांनी बर्फ ओढायचं भलंमोठं फावडं आणलं. लाकडी दांड्याचं, माणसाएवढं उंच.

"पलेर्मोत बर्फ पडतं?" बेनोने विचारलं.

"छे! म्हणून तर त्याच्याकडे नाहीये!"

बेनोने दांडा वरपासून खालपर्यंत पाहिला. त्याने फावडं घेतलं.

मंगळवार सर्वांत वरच्या मजल्यावर, तमारा नावाच्या नर्सकडे. फावडं घेऊन चार जिने चढून बेनो तिच्या दारात उभा राहिला तेव्हा ती दचकून म्हणाली, "काका, ऑगस्ट चालू आहे."

"ते राहू दे. तुझा मंगळवार दे, माझा शुक्रवार घे."

"चालेल की!"

बस! तमाराचा मंगळवार लोकाशोंना, लोकाशोंचा बुधवार श्टुकीबाईंना, श्टुकीबाईंचा गुरुवार फ्लुकिगरांना! बेनो जिना उतरला तो सेनापतीसारखा. खांद्यावर फावडं असल्यामुळे ते दिसतही तसंच होतं. लोकाशोंनी मंगळवारी धुतलं, श्टुकीबाईंनी बुधवारी धुतलं. गाड्या वेळेवर होत्या.

बुधवारी रात्री जिन्यात तमारा भेटली. चेहरा उतरलेला.

"काका, माझी ड्यूटी बदलली हो! शुक्रवारी दिवसभर दवाखान्यात. उद्या गुरुवारी मोकळी आहे, पण उद्याचा वार कुणाचा कोण जाणे. गणवेश एक उरलाय, तोही..."

बेनोच्या अंगात आता वारं संचारलं होतं. तीन दिवस तो जुळवाजुळवीखेरीज दुसरं काही करत नव्हता. कुणी नुसता वार उच्चारला की त्याचा हात आपोआप किल्लीकडे जाई.

"त्यात काय एवढं!" तो म्हणाला. "गुरुवार तू घे. शुक्रवार इकडे दे!"

एका क्षणात! एका वाक्यात! तमाराने त्याला मिठी मारली. बेनो शीळ घालत घरात आला.

"सगळं जमलं! लोकाशो खूश, श्टुकीबाई खूश, ती पोरगी खूश!"

"शाबास," रेगुला म्हणाली. "आणि आपला वार कोणता?"

"आपला..." बेनोने बोटांवर मोजलं. मग दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजलं. मग तो हळूच फावड्याशेजारी जाऊन बसला.

"शुक्रवार," तो म्हणाला.

रेगुला हसली नाही. तिला हसायला येत होतं, पण तिने ओठ दाबून धरले, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बेनोला वाटलं ती रडतेय. त्यामुळे त्याला आणखीच वाईट वाटलं.

"काढ विमानाची तिकिटं," तो म्हणाला. "फक्त खिडकीची जागा मला दे. वरून बोट दिसली तर बघीन."

हे मात्र रेगुलाला सोसलं नाही. तीस वर्षांपूर्वी याच माणसाने तिला लग्नाची मागणी फलाटावर घातली होती, आणि तिचं उत्तर ऐकायच्या आधी येणाऱ्या इंजिनाचा नंबर वाचला होता. असल्या माणसाला विमानात बसवणं म्हणजे माशाला छत्री देणं.

ती आत गेली आणि मळक्या कपड्यांची टोपली घेऊन आली. मोठ्या बॅगेत ती टोपली तिने उपडी केली आणि बॅगेवर बसून चेन ओढली.

"रेगुला! मळके कपडे घेऊन दुसऱ्या देशात जायचं?"

"तिथे पाणी आहे. मी फोनवर विचारलंय."

शुक्रवारी दुपारी ते निघाले: दोन माणसं, पंधरा दिवसांचे मळके कपडे आणि एक फावडं. सीमेवर एका पोलिसाने बॅग उघडायला लावली. उघडली, आणि त्याने ती स्वतःच घाईघाईने बंद केली. मग फावड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे कशाला?" बेनो म्हणाला, "तिकडे नाहीये." पोलिसाने दोघांना शुभेच्छा दिल्या.

मिलानला त्यांची गाडी पाऊण तास उशिरा पोचली. बेनो पांढराफटक पडला. सात मिनिटांचा हिशेब बुडाला होता! पण पलेर्मोची गाडी त्याहून उशिरा आली. तिथे कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. बेनोला मात्र हे सुखाने घ्यावं की दुःखाने, हे बोलोन्यापर्यंत कळलं नाही.

आणि मग ती बोट आली! डबे खडखडत तिच्या पोटात शिरले. बेनो वरच्या मजल्यावर जाऊन कठड्याला टेकून उभा राहिला. खाली समुद्र, समुद्रावर बोट, बोटीत गाडी, गाडीत त्याचे मळके शर्ट. "रेगुला," तो म्हणाला, "हे बघ!" आणि पलीकडचा किनारा लागेपर्यंत तो कठड्यापासून हलला नाही.

गाडी उशीर करत करत पलेर्मोला पोचेपर्यंत मध्यरात्र झाली. पहाटे विहीणबाई नुन्त्सिया यांनी बॅग पाहिली, वास घेतला आणि बाल्कनीतलं यंत्र चालू केलं.

बेनो पायजम्यात धावत आला. "विहीणबाई! आज रविवार!"

"मग?"

"रविवारी यंत्र लावत नाहीत!"

"कोण म्हणतं?"

"श्टुकीबाई!"

"त्या बिशप आहेत का?"

बेनोने क्षणभर खरोखर विचार केला. "वरच्या आहेत," तो म्हणाला. मग खाली मान घालून त्याने विचारलं, "पण आज धुण्याचा वार आहे तरी कुणाचा?"

"ऊन पडलंय ना? मग सगळ्यांचा!"

समोरच्या घरापर्यंत दोरी गेली. ओल्या कपड्यांनी ती मधेच लोंबायला लागली, तसं विहीणबाईंनी कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि बाल्कनीत उभं करून दोरीखाली टेकू दिला. दांडा बरोब्बर मापाचा होता! चर्चच्या वेळेपर्यंत शर्ट कडकडीत वाळले. बेनोने बाळाला हातात धरलं, पाणी पडलं, बाळ ओरडलं आणि धर्मपिता रडला. सगळं यथासांग झालं. लोकाशोंचा भाऊ फावडं न्यायला आला, पण ते कशाला लागलंय ते पाहून म्हणाला, "राहू दे. माझ्याकडे एवढी मोठी दोरी नाही."

जेवणानंतर बेनोचा फोन वाजला. श्टुकीबाई!

"फ्लुकिगरसाहेब," त्यांचा आवाज बर्फासारखा होता. "शुक्रवारी धुण्याची खोली दिवसभर रिकामी होती. वार तुमचा. किल्ली तुमच्या दाराला लटकलेली. लोक मला विचारताहेत. तुम्ही कपडे धुतलेत की नाही?"

"धुतले," बेनो म्हणाला. "इथे. आज."

पलीकडे भिंग खाली पडल्याचा आवाज आला.

"आज?" श्टुकीबाई म्हणाल्या. "रविवारी?"

"हो."

"बाहेर? दोरीवर?"

"हो."

मग दार लावून घेतल्याचा आवाज आला, आणि आजवर बेनोने कधी ऐकला नव्हता अशा आवाजात श्टुकीबाईंनी कुजबुजून विचारलं, "कसं वाटतं हो?"

बेनोने वर पाहिलं. गल्लीच्या वर, त्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या, हिरव्या मोज्यांसकट, भर रविवारच्या उन्हात फडफडत होत्या.

"लवकर वाळतं," तो म्हणाला.