आतलं काम

मुरलीभाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला कान लावतात. आपण 'बसा' म्हणायच्या आत ते मोरीच्या बाजूची भिंत गाठतात, डोळे मिटतात आणि घरातल्यांना हातानेच गप्प राहायची खूण करतात. मग निकाल देतात. "पाझरून राहिलं जी. वरच्या कोपऱ्यात. आतून हाय, म्हणून दिसत नाही."

त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. रस्त्याखालची गळती शोधायचं काम. पहाटे, वाहनं सुरू व्हायच्या आधी, लोखंडी कांबीचं एक टोक डांबरावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि जमिनीखालचं पाणी ऐकायचं. मुरलीभाऊ निवृत्त झाले, त्यांचा कान झाला नाही. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत त्यांनी कार्यालयाच्या खांबाला कान लावला. वधूपित्याला वाटलं, यांना घेरी आली. दोघांनी धरून खुर्चीवर बसवलं, पंखा त्यांच्याकडे वळवला, कोणीतरी कांदा आणायला धावलं. मुरलीभाऊ खुर्चीवरून सांगत होते, "मले काही झालं नाही जी. खांबाले झालं हाय."

आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत ते समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतात. एकटेच. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा हैदराबादला आहे. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, त्यांचा जोडीदार. दोघांनी साठीनंतर रोड बाईक घेतल्या. वाकड्या हँडलच्या, बारीक चाकांच्या, कार्बनच्या फ्रेमच्या. रविवारी उजाडताना दोघं पारशिवनीच्या रस्त्याला लागत. तिकडे मुरलीभाऊंच्या भावाची शेती आहे. ऊन तापायच्या आत परत.

या सायकलींच्या ब्रेकच्या आणि गिअरच्या तारा बाहेर दिसत नाहीत. त्या हँडलपाशी फ्रेमच्या एका भोकात शिरतात, पोटातून प्रवास करतात आणि थेट मागच्या चाकाजवळ दुसऱ्या भोकातून डोकं काढतात. दिसायला देखणं, पण तार बदलायची वेळ आली की घाम फुटतो. या एका गोष्टीवरून दादा आणि मुरलीभाऊ वर्षानुवर्षं भांडत आले.

"बाहेर असती तर चहा उकळेपर्यंत बदलून झाली असती," दादा म्हणायचा. "ही कसली सोय, मुरली?"

"बाहेर तार म्हणजे पायजम्यावरून चड्डी घातल्यावानी दिसते गा. माणसाचं सारं आतून असते. तुह्या नसा बाहेर लोंबून राहिल्या का?"

दादाच्या सायकलीत आतली तार फ्रेमला लागून टकटक वाजायची. मुरलीभाऊंना ते सोसत नसे. तारेवर घालायची स्पंजची नळी ते खिशात घेऊनच फिरत. दादा ती घालू देत नसे. "राहू दे, सोबत होते," म्हणायचा. धरमपेठेतून येताना सिमेंटच्या रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर सायकल टकटक करी, आणि दादा गल्लीत वळला की आम्हाला आवाजावरून कळे. वहिनी चहा टाकत.

तार बदलायचा मुरलीभाऊंचा एकच नियम होता, आणि तो त्यांनी मलाही पाठ करायला लावला होता. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, सायकल चालवत नाही. पण त्यांना ऐकायला माणूस लागे. "मास्तर, जुनी तार तशीच ओढायची नाही. पहिले तिच्यावरून ही बारीक नळी सरकवायची. मंग तार काढायची. नळी अंदर राहते. नवी तार तिच्यातून आपल्या पायानं चालत जाते. नळी न घालता तार ओढली, तर वाट बुजली समजा. मंग बसा चुंबक घेऊन."

ते चुंबकाचं काम मी एकदा पाहिलं आणि पाहतच राहिलो. एक वाटाडी तार असते, तिच्या टोकाला मण्याएवढं चुंबक. ती पुढच्या भोकातून आत ढकलायची. बाहेरून फ्रेमवर दुसरं चुंबक ठेवून हळूहळू सरकवत न्यायचं. आतली तार त्याच्या मागे मागे येते. दादा तार ढकलत होता आणि मुरलीभाऊ त्या काळ्या फ्रेमवरून असा हात फिरवत होते, जसा तापलेल्या माणसाच्या कपाळावरून फिरवावा. दिसत काहीच नव्हतं. पण मागच्या भोकातून तारेचं टोक बाहेर आलं तेव्हा मला, एवढी पुस्तकं वाचलेल्या माणसाला, हात जोडावेसे वाटले. मुरलीभाऊ म्हणाले, "याले दोन माणसं लागतात बरं."

मागच्या वर्षी दादा गेला. दुपारी जेवून पडला तो उठला नाही. घर माणसांनी भरलं. मुरलीभाऊ आले, दारापाशी हात मागे बांधून उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी कशालाच कान लावला नाही.

सायकल व्हरांड्यात चादरीखाली उभी राहिली. काही महिन्यांनी वहिनींच्या पुण्याच्या भाच्याने ती मागितली. वहिनी हो म्हणाल्या. फक्त मागच्या गिअरची तार झिजून तिचे धागे सुटले होते, तेवढी बदलून पाठवायची होती. मी म्हटलं, धरमपेठेच्या दुकानात देऊ.

"दुकानात काहून?" मुरलीभाऊ दुखावले. "घरचं माणूस आहे ना मी. रविवारी करून देतो."

रविवारी ते पिशवी घेऊन आले. मी कात्री आणायला आत गेलो. परत आलो तर जुनी तार फरशीवर वेटोळं करून पडली होती. उघडी. नळीचं पाकीट शेजारी, न फोडलेलं.

"बाप्पा," मुरलीभाऊ म्हणाले. "निघून आली गा."

एवढा नियमाचा माणूस, पण वय झालं, मित्राची सायकल, मन थाऱ्यावर नसेल, असं मी मनाशी म्हटलं. तेव्हापासून दर रविवारी ते येतात. ते तार ढकलतात, मी बाहेरून चुंबक धरतो. पेडलपाशी एक अवघड वळण आहे, तिथे तार हमखास सुटते. मग फ्रेमला कान. मग, "आज मूड नाही तिचा." मग वहिनींचे पोहे, वर तर्री, आणि दादाच्या गोष्टी. दादा चढावर कसा उतरून चालायचा आणि वर, 'निसर्ग पाहत होतो' म्हणायचा. दादाने मुरलीभाऊंच्या भावाच्या शेतातल्या बुजगावण्याला रस्ता कसा विचारला. मला यातलं काही माहीत नव्हतं. एका घरात राहून नव्हतं.

परवा वहिनींनी डबा दिला म्हणून समोर मुरलीभाऊंकडे वर गेलो. दार उघडंच होतं. मुरलीभाऊ स्वतःची सायकल घेऊन बसले होते. एका हाताने वाटाडी तार ढकलत होते, दुसऱ्या हाताने चुंबक फिरवत होते. एकटेच. पेडलपाशी आले, मनगट थोडं वळवलं, आणि तार मागच्या भोकातून सरळ बाहेर आली. शेजारच्या कपातला चहा अजून वाफाळत होता.

त्यांनी वर पाहिलं. मी डबा ठेवला. मग ते उठून माझ्या मागच्या भिंतीला कान लावून उभे राहिले, बराच वेळ.

घरी येऊन वहिनींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"मला पहिल्याच रविवारी कळलं," त्या म्हणाल्या. "पाकीट फोडलेलं नव्हतं ना. पोहे जास्त भिजवायला लागले मी, ते कशासाठी?"

"आणि भाचा?"

"त्याच्याकडे आहे दुसरी. त्याला सांगितलंय, आतलं काम आहे, वेळ लागतो."

काल रविवार होता. मुरलीभाऊ आले. माझ्याकडे न बघता पिशवी सोडली. मी चादर काढली, चुंबक घेतलं. ते पुढून तार ढकलू लागले, मी फ्रेमच्या खालच्या दांड्यावरून चुंबक सरकवत गेलो. पेडलपाशी आलो. परवा पाहिलं होतं तसं मनगट थोडं वळवलं, आणि हाताला कळलं की तार वळणापलीकडे आली आहे. इतकं हलकं ओझं, पण जिवंत, माझ्या बोटांमागून येणारं. मागच्या भोकात टोक चमकलं. मुरलीभाऊ पुढे वाकलेले, त्यांना ते दिसण्यासारखं नव्हतं.

मी चुंबक उचललं. आत टक् झालं.

"सुटली?" त्यांनी विचारलं.

"सुटली."

ते उठून माझ्या बाजूला आले. गुडघ्यावर बसले. फ्रेमला कान लावून डोळे मिटले. आतून वहिनींच्या कढईत मोहरी तडतडली.

"आतच हाय," ते म्हणाले. "जाते कुठं."