खिरणीची ड्यूटी

सन १९८४च्या एप्रिलमध्ये भिलाईतल्या एका सेक्टरच्या हिरवळ समितीने सर्वानुमते ठराव केला, की बिनपाण्याने जगणाऱ्या देशी झाडांचे संवर्धन करावे आणि त्यासाठी त्यांना चोख पाणी द्यावे. यात काही खटकते आहे असे कोणालाच वाटले नाही. समोसे येऊन राहिले होते.

असे झाड सेक्टरात एकच, मारोतराव फिटरच्या क्वार्टरासमोरची खिरणी. गयाबाईने माहेरहून, भंडाऱ्याकडून, बी आणून लावलेली. नऊ वर्षांत जेमतेम छातीएवढी झाली, पण वैशाखातही हिरवीगार! पहिले दोन उन्हाळे सोडले तर तिला कोणी तांब्याभर पाणी घातले नव्हते. गयाबाईचा तिच्यावर लेकीसारखा जीव.

समितीचे अध्यक्ष भैय्याजी हे पोलाद कारखान्यात मारोतरावांचे फोरमन. "भट्टीचं कूलिंग वॉटर एक शिफ्ट तरी बंद ठेवसान का?" त्यांनी विचारले. "नाही ना? मंग झाडाले तिन्ही शिफ्टमधी पाणी पायजे." लगेच लॉगबुक उघडले. तीस घरांच्या पाळ्या, दर शिफ्टला दोन बादल्या, खाली सही.

"अजी, सांगा ना त्याईले," गयाबाई नवऱ्याला म्हणाली. "मुळं सडतीन तिचे. तुमी तर वावरातले मानूस, तुमाले का ठाऊक नाही?"

"सांगतो ना," मारोतराव म्हणाले. चार्जमनच्या बढतीची जागा निघाली होती आणि शिफारस भैय्याजी लिहिणार होते. समितीच्या पुढच्या बैठकीत मारोतरावांनी तोंड उघडले ते फक्त जांभईला.

महिन्याभरात पाने पिवळी पडली. भैय्याजींनी तत्परतेने बादल्या दुप्पट केल्या. पाने गळू लागली, तशा तिप्पट. गयाबाई मात्र आपल्या पाळीला बादली रिकामीच ठेवी आणि लॉगबुकात खरे तेच लिही: "पाणी देल्लं नाही. झाडाले नको हाय." बिचारीला कोण विचारतो! जून लागता लागता खिरणी मेली. बुडाशी बसून गयाबाई ढसाढसा रडली, तेव्हा लुगडे चिखलाने भरले.

रीतसर चौकशी बसली. एकोणतीस घरांच्या पाणी दिल्याच्या सह्या होत्या. तिसाव्या घराने सहा पाळ्या बुडवल्याची लेखी कबुली होती. निष्कर्ष स्वच्छ निघाला, झाड पाण्याअभावी मेले.

"पन भैय्याजी, आताबी बुडाशी चिखल हाय ना!" गयाबाई कळवळून म्हणाली.

"वहिनी, लॉगबुकात चिखलाची एंट्री नाही."

दोषी म्हणून गयाबाईचे नाव टाईप झाले. कागद घरोघर फिरला, सर्वांनी सह्या केल्या. शेवटची मारोतरावांनी केली, बायकोकडे न बघता. ऑगस्टात ते चार्जमन झाले.

मारोतरावांना नावे ठेवायची तर खुशाल ठेवा. आधी एवढेच सांगा राजेहो, गेल्या महिन्यात तुमच्या कॉलनीत जो कागद फिरला आणि ज्यावर तुम्ही उभ्या उभ्या सही ठोकली, त्यात नाव कोणाचे होते?